मदत हवी आहे: यादृच्छिक इव्हेंटचा एफ२ बरोबर १ का येत नाही?

ट्रॅकमोजणी
तीन दिवस अडकले आहे. आमच्या डेटात बिन (कण मोजायचे कप्पे) बारीक करत गेलं की एफ२ चढत जातो. (एफ२ म्हणजे बिनमध्ये n कण असतील तर n(n−1) ची सरासरी भागिले n च्या सरासरीचा वर्ग.) हा चढ खरा की नुसता योगायोग, हे बघायला कण निव्वळ यादृच्छिक सोडून दहा हजार इव्हेंट (टकरी) संगणकावर बनवले. तिथे १ यायला हवा ना? येतो ०.९५. पाच बिन घ्या, वीस घ्या, चाळीस घ्या, ०.९५ च! कोड ओळ न ओळ तपासून झाला. उद्या गटासमोर दाखवायचं आहे, कृपया लवकर सांगा.

कणाकणाने
एका इव्हेंटमध्ये कण किती? आकडा ठरलेला की बदलता? बिन कशाचे? डेटा कुठला?

जुना_प्रोग्रामर
रँडम नंबर जनरेटर बदला. माझे दोन महिने एका जुन्या जनरेटरनेच खाल्ले होते.

कणाकणाने
जनरेटरचा दोष असता तर प्रत्येक बिनसंख्येला तोच आकडा आला नसता. आधी त्यांचं उत्तर येऊ द्या.

ट्रॅकमोजणी
कण अर्थातच २०, डेटाची सरासरी तेवढीच आहे. बिन ईटाचे (कण कुठल्या कोनात गेला ते सांगणारी राशी), ईटा सपाट सोडला, म्हणजे सगळीकडे सारखे कण.

कणाकणाने
मग कोड बरोबरच आहे! प्रत्येक इव्हेंटमध्ये २० च कण असतील तर एका बिनमध्ये पडलेला कण दुसरीकडे कमी होतो. एफ२ = १ वजा १/२०, म्हणजे ०.९५. एफ३ (तेच माप, पण तीन-तीन कणांचं) काढून बघा, ०.८५५ यायला हवा. बरोबर १ हवा असेल तर कणसंख्या ठरलेली न ठेवता पॉयसाँ वितरणाने बदलती घ्या. आणि निम्म्या इव्हेंटमध्ये १०, निम्म्यात ३० कण सोडले तर सरासरी २० च राहते, पण एफ२ होतो १.२. उत्सर्जन तसंच यादृच्छिक! म्हणून १ च्या वर गेला एवढ्यावरून काही ठरत नाही, बिनसंख्येबरोबर चढतो का ते बघायचं.

जिज्ञासू_७
यावरून क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा (क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे असलेलं अतितप्त द्रव्य) सिद्ध होतो का?

मध्यबिंदू
नाही. बियालास आणि पेशान्स्की या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ही पद्धत मांडली ती घनतेतले चढउतार निव्वळ सांख्यिक गोंगाटापासून वेगळे करायला. पण ट्रॅकमोजणी, डेटात ईटा सपाट नसणार, घंटेसारखा असणार. सगळ्या बिनना एकाच सरासरीने भागलंत तर त्या आकारामुळेही चढ दिसतो. १९९० पासून ईटाऐवजी संचयी चल (त्या ईटापर्यंत एकूण कणांचा किती भाग येतो) वापरतात, त्यात वितरण सपाट होतं. तेच करा.

कणाकणाने
त्यापेक्षा मिक्स्ड इव्हेंट बनवा. वेगवेगळ्या इव्हेंटमधले ट्रॅक (कणांचे माग) एकत्र करून नवे इव्हेंट रचा, आकार आणि कणसंख्या दोन्ही आपोआप जपले जातात.

मध्यबिंदू
थोड्या इव्हेंटवर मिक्सिंग कसं पुरेल? आणि ते तुलनेसाठी आहे, दुरुस्तीसाठी नव्हे.

कणाकणाने
त्यांना तुलनाच करायची आहे हो! पहिली पोस्ट वाचा.

जुना_प्रोग्रामर
तरीही जनरेटर तपासाच.

ट्रॅकमोजणी
एफ३ खरंच ०.८५५ आला! दोन्ही करून पाहिलं. संचयी चलात चढ बराच उतरला, मिक्स्ड इव्हेंटची रेघ आडवी. डेटा मात्र शेवटच्या, सगळ्यात बारीक बिनना अजून उसळतो. हेच खरे चढउतार ना? (डेटा इमल्शनचा, म्हणजे कणांचे माग उमटणाऱ्या फोटोग्राफिक थराचा; सर्नच्या एसपीएस त्वरकाचा २०० जीईव्ही प्रति न्यूक्लिऑन सल्फर बीम; मोजलेत ते शॉवर ट्रॅक, म्हणजे वेगवान भारित कणांचे. सांगायचं राहिलं होतं.)

मध्यबिंदू
इमल्शन आहे हे आधी सांगायला हवं होतं! गॅमा किरणांपासून झालेल्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या जवळजवळ एकाच कोनात जातात, त्यामुळे बारीक बिनमध्ये दोन्ही एकत्र पडतात आणि एफ२ उसळतो. व्हर्टेक्सपासून (टकरीच्या बिंदूपासून) दूर सुरू होणारी जोडी ओळखू येते. पण उदासीन पायॉन या कणाच्या दर शंभरातल्या साधारण एका क्षयात जोडी थेट व्हर्टेक्सपाशीच निघते, ती फसवते.

ट्रॅकमोजणी
त्या बिनमधल्या ट्रॅकची यादी काढली. एका इव्हेंटमध्ये दोन ट्रॅक इतके चिकटून आहेत की सुरुवातीला मी एकच मोजला होता. उद्या चढ दाखवत नाही, आधी सगळ्या जोड्या सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा बघते. आकडे इथेच टाकेन.