झाडकामाला चिपर कोणता भरवशाचा: डिस्क की ड्रम?

बुंधा
एका मित्राने परवा विचारलं, "बारा इंची चिपर घेतोय, डिस्कचा घेऊ की ड्रमचा?" चिपर म्हणजे फांद्या-ओंडके कापून ढलप्या करणारं यंत्र, आणि बारा इंची म्हणजे तेवढ्या जाडीपर्यंतचं लाकूड घेणारं. बँडिट कंपनीचं २५०एक्सपी आणि वर्मीर कंपनीचं बीसी१०००एक्सएल या दोघांत त्याचा जीव अडकलाय. पहिला डिस्कचा, दुसरा ड्रमचा. मी बेधडक डिस्क सांगितलं. का सांगितलं ते इथे मांडतो, चुकत असेन तर खोडून काढा.

डिस्क म्हणजे जाडजूड पोलादी चकती, तिच्या तोंडावर सुऱ्या. एकदा वेगात आली की तिच्या वजनातच एवढा जोर साठतो की जाड ओंडका अंगावर आला तरी इंजिन एकदम बसत नाही. लाकूड चकतीकडे तिरकं जातं आणि सुरी त्याला या काठापासून त्या काठापर्यंत एकाच कोनात भिडते. म्हणून ढलप्या एका मापाच्या पडतात. झाडाखाली आच्छादनाला पसरायच्या तर अशाच हव्यात. ढलप्या बाहेर फेकणारी पातीही त्याच चकतीला असतात.

ड्रममध्ये सुऱ्या दंडगोलाच्या अंगावर. ड्रम लहान आणि ओंडका जाड असेल तर सुरी एका ठिकाणी तासते आणि दुसऱ्या ठिकाणी कुऱ्हाडीसारखी आपटते. ते हादरे शेवटी बेअरिंगलाच सोसावे लागतात. सहा वर्षं मी डिस्कवर काम केलंय, मुख्य बेअरिंग एकदाच बदलावं लागलं.

बेचकं
नाही पटलं. तुम्ही ओंडक्यांचं बोलताय. छाटणीच्या कामात ओंडके असतात किती? ढीग सगळा फांद्यांचा, आणि त्यात बेचकीच बेचकी. डिस्कची सुरी मधल्या शाफ्टच्या एकाच बाजूला कापते, त्यामुळे तोंड किती रुंद करणार? ड्रम अख्ख्या लांबीवर कापतो, तोंड आडवं पसरट ठेवता येतं.

आमच्याकडे आधी डिस्कचाच होता. फांदी मनगटाएवढी, पण बेचकं दोन हात फाकलेलं. लाकूड आत ओढणाऱ्या रोलरपाशी गेली की अडकायची, कडाकडा वाजायची, वाकायची, पुढे मात्र सरकायची नाही. मग रोलर उलटे फिरवा, फांदी बाहेर घ्या, चेनसॉ सुरू करून बेचक्यात काप द्या, पुन्हा घाला. तोवर मागे दोघं फांद्या धरून उभे. दिवसात हे किती वेळा होतं ते आधी मोजा, मग कामगिरीचं बोलू. ड्रमचा आल्यापासून असली बहुतेक बेचकी रोलर दाबून तशीच आत घेतात.

हादऱ्यांचं म्हणाल तर ते लहान ड्रमचं दुखणं. मोठ्या व्यासाच्या ड्रमवर सुरीचा कोन बराच सौम्य होतो.

बुंधा
बेचक्यांचं मान्य, तेवढा वेळ जातो खरा. पण तोंड रुंद मिळालं की माणसं एका वेळी चार-चार फांद्या ढकलतात. इंजिन तेवढंच, पोटात लाकूड दुप्पट. मग ते दमणार नाही तर काय?

बेचकं
त्यासाठीच रोलर आपोआप थांबायची सोय असते ना! इंजिनाचे फेरे ठरावीक आकड्याखाली गेले की रोलर थांबतात, फेरे चढले की पुन्हा ओढायला लागतात. वर्मीर त्याला स्मार्टफीड म्हणतं. ही सोय आता डिस्कच्या यंत्रांतही मिळते, त्यामुळे या मुद्द्यावर दोघं सारखेच.

पाना
चिपर दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे. डिस्क-ड्रमचा हा वाद माझ्यापाशी यंत्र येतं तेव्हा जवळजवळ कधीच कामाचा ठरत नाही. "ओढत नाही, इंजिन कमजोर झालंय" अशी तक्रार असते आणि दोष सुरीत निघतो.

मी आधी इंजिनाकडे बघतच नाही, ढलप्यांचा मूठभर नमुना हातात घेतो. कडा स्वच्छ कापलेल्या असतील तर सुरी ठीक. टोकांना दोरे लोंबत असतील, मधेमधे चोथा असेल, तर सुरी बोथट आहे किंवा सुरी आणि समोरच्या स्थिर पात्यामधली फट वाढली आहे. ही फट एक-दोन मिलिमीटरचाच खेळ असतो. मग झाकण उघडून सुरीच्या कडेवर बॅटरीचा झोत टाकतो. धारदार कड प्रकाश परतवत नाही, बोथट कड पांढऱ्या रेघेसारखी चमकते. बोथट सुरी लाकूड कापत नाही, फाडते. मग डिझेल जास्त, पट्टा घसरतो, बेअरिंग तापतं, आणि मालक यंत्राला शिव्या देतो.

सुऱ्या खातं कोण? लाकूड कमी, माती जास्त. मुळासकटचे बुंधे, जमिनीवरून फरफटत आणलेल्या फांद्या, खराट्याने गोळा करून घातलेला खडीमिश्रित पाचोळा. एक खडा पुरतो. म्हणून माझं म्हणणं, ज्या यंत्राची सुरी जागेवर, अर्ध्या तासात, टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळणारा पाना) लावून बदलता येते तेच भरवशाचं. जे काम अवघड वाटतं ते माणसं पुढे ढकलतात.

बेचकं
हे मात्र शंभर टक्के. तरी बेचक्यांचं उत्तर यात नाही.

हेल्मेट
तुम्ही सगळे इंजिन आणि बेअरिंगवर बोलताय. बुंधा, ज्या साठलेल्या जोराचं तुम्ही कौतुक केलंत, तोच इंजिन बंद केल्यावरही चकतीला कितीतरी वेळ फिरवत ठेवतो. ड्रमचंही तेच. आवाज थांबला म्हणजे यंत्र थांबलं असं समजून झाकण उघडणारा माणूस मी पाहिलाय. सुदैवाने दुसऱ्याने खांदा धरून मागे खेचला. चकती पूर्ण थांबायला हवी, ती पुन्हा फिरू नये म्हणून अडकवणीची खीळ घातलेली हवी, मगच बोल्टला हात.

आणि रोज सकाळी पहिली फांदी घालण्याआधी फीडचा दांडा, म्हणजे रोलर थांबवायचा तोंडापाशी असलेला दांडा, ढकलून बघा. रोलर जागच्या जागी थांबले पाहिजेत. हा दांडा अडकतो म्हणून तारेने बांधून ठेवलेली यंत्रं आहेत. असं यंत्र दहा वर्षं न बिघडता चाललं तरी मी त्याला भरवशाचं म्हणणार नाही. फीड रोलरच नसलेले जुने ड्रम तर फुकट मिळाले तरी घेऊ नका. ते फांदी ड्रमच्या वेगाने खेचतात, हात सोडायलाही सवड मिळत नाही.

बुंधा
हेल्मेट, खिळीचं मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. पाना, तुमचा ढलप्यांचा नमुना आज संध्याकाळीच बघतो.

पण मित्राला सांगायचं काय? त्याचं काम बहुतेक अख्खी झाडं उतरवण्याचं, आणि ढलप्या तो आच्छादनासाठी देतो. मी अजूनही डिस्कच म्हणेन. निव्वळ छाटणी असती तर बेचकंचं ऐकलं असतं.

पाना
त्याला कोणताही घेऊ द्या. सुऱ्यांचा दुसरा संच आणि नवे बोल्ट यंत्रासोबतच घे म्हणावं.

बेचकं
आणि घेण्याआधी दोन्ही यंत्रांत एकाच झाडाच्या फांद्या घालून बघायला सांगा. बेचकी न छाटता.