साखळी-डिचोलीच्या आसपास अकाउंट्सचं काम हवंय, कुठे विचारू?

वाळवंटीकाठी
नमस्कार. मी गोव्यातल्या साखळीची, बी.कॉम. खाणीच्या ट्रकांचा ठेका असलेल्या एका ऑफिसात हिशेब बघायचे. मार्च 2018 मध्ये खाणी थांबल्या आणि ऑफिसला टाळं लागलं. मग लग्न, मग मुलगा. आता तो पहिलीत आहे, बालरथ, म्हणजे शाळेची बस, दीड वाजता घरी सोडतो, पुढचं सासूबाई बघतील. टॅली येतं. जीएसटी मात्र जेमतेम आठ-नऊ महिने हाताळला, तोही सुरुवातीच्या गोंधळातला.

मोबाइलवर 'गोवा' टाकलं की वेर्णा, वास्को, कांदोळी एवढंच दिसतं. वेर्ण्याला जायचं तर पणजीला बस बदला, परत यायला दिवेलागण उलटते. मला स्कूटरने अर्ध्या तासात पोचेन असं हवंय. इथली कामं लोकांना कळतात तरी कशी? गेल्या महिन्यात एका एजंटाला नोंदणीचे दोन हजार देऊन बसलेय, तो आता फोन उचलत नाही. हसू नका, घरी हसून झालंय.

कुळागर
ताई, कारखान्यांच्या आधी सीएंची ऑफिसं गाठा. कुठल्या दुकानाचा, कुठल्या पतसंस्थेचा हिशेबनीस सोडून गेला हे त्यांना सगळ्यात आधी कळतं, कारण कागद अडतात ते त्यांच्याच टेबलावर. माझ्या बहिणीला असंच काम मिळालं, जाहिरात कधी आलीच नव्हती. फक्त 11 आणि 20 तारखेच्या आसपास जाऊ नका. जीएसटीचं रिटर्न भरायची घाई असते, बायोडेटा फायलींखाली जातो.

रात्रपाळी
डिचोली, होंडा, पिसुर्ले या औद्योगिक वसाहती तुम्हाला जवळच्या. पण गेटवरच्या वॉचमनकडे बायोडेटाचं पाकीट ठेवून परतू नका, ते तिथेच राहतं. एचआरचं नाव विचारून घ्या, सकाळी जा. हेल्परची भरती बहुतेक ठेकेदारामार्फत होते, ऑफिसची माणसं कंपनी स्वतः घेते. तरी पगार कोणाच्या नावाने येणार आणि पीएफ कापतात का, हे आधीच विचारा. आणि पैसे मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार.

म्हापशेकर
रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड काढून ठेवा. सरकारी क्लार्कच्या जागा आता कर्मचारी निवड आयोगाकडून भरतात, परीक्षा संगणकावर असते. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला मामलेदार कार्यालयातून लागतो, कोकणीही यावी लागते. पण या जागेची वाट बघत घरी बसू नका, मी तीन वर्षं तेच केलं. रविवारचे मराठी पेपर मात्र चाळा. छोट्या जाहिरातींत 'डिचोली परिसरातील उमेदवारास प्राधान्य' असं कधीकधी सापडतं.

वाळवंटीकाठी
सगळ्यांचे आभार. साखळीच्या बाजारातल्या एका सीएकडे उद्याच जाते, आज 20 आहे म्हणून थांबले. एकच विचारते, बायोडेटात मधली वर्षं कशी लिहू? 'गृहिणी' लिहिलं की पुढचं कोणी वाचत नाही असं वाटतं.

कुळागर
उद्याही 21च आहे, दोन दिवस थांबा. तोवर जीएसटीचं रिटर्न आता कसं भरतात ते कोणाकडे तरी बसून शिका आणि तेच सगळ्यात वर लिहा. मधल्या वर्षांसाठी 'कौटुंबिक कारणाने खंड' एवढं पुरे. सीए त्यावर थांबणार नाही, टॅलीत एंट्री करून दाखवा म्हणेल.