ग्रेनाडा १९८३: सुटका की घुसखोरी? (निमित्त जायफळाचं)

खवचट_नाना
परवा पोरगा मोबाईलवर झेंड्यांची क्विझ खेळत होता, म्हणाला बाबा या झेंड्यावर मिरची का आहे. चष्मा लावून बघितलं तर मिरची कसली, जायफळ आहे ते, फुटलेलं, आत लालभडक जायपत्री. देश ग्रेनाडा. वेस्ट इंडिजच्या मॅचमुळे नाव कानावरून गेलेलं, म्हटलं बघू तरी काय आहे, आणि रात्री दोनपर्यंत वाचत बसलो, सकाळी ऑफिसात पेंगलो, त्यामुळे आता तुम्हीही भोगा.

देश केवढा, तर ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षाही लहान. १९७४ ला इंग्रजांकडून स्वातंत्र्य. पहिला पंतप्रधान एरिक गेरी. याची मुंगूस गँग नावाची गुंडांची फौज होती, विरोधकांना बडवायला, आणि साहेब स्वतः युनोत जाऊन उडत्या तबकड्यांवर संशोधन करा म्हणून भाषण ठोकायचे (हे मी बनवलेलं नाही). मार्च १९७९ मध्ये गेरी न्यूयॉर्कला असताना मॉरिस बिशप नावाच्या तरुण वकिलाच्या न्यू ज्युएल मूव्हमेंट या डाव्या पक्षाने सत्ता घेतली. साडेचार वर्षांनी पक्षातच फाटलं, उपपंतप्रधान बर्नार्ड कोर्डच्या गटाने बिशपला घरात डांबलं. १९ ऑक्टोबर १९८३ ला लोकांनी मोर्चा काढून त्याला सोडवलं आणि त्याच दुपारी किल्ल्यात सैनिकांनी त्याला आणि मंत्र्यांना भिंतीला उभं करून गोळ्या घातल्या. सहा दिवसांनी अमेरिकेचा अध्यक्ष रेगन, त्याचं सैन्य उतरलं.

आता मुद्दा. २५ ऑक्टोबरला, म्हणजे सैन्य उतरलं त्या तारखेला, ग्रेनाडात दरवर्षी थँक्सगिव्हिंगची सरकारी सुट्टी असते. आपल्याकडचे लोक अमेरिका म्हटलं की साम्राज्यवाद म्हणून मोकळे होतात, पण ज्यांच्या डोक्यावरून हेलिकॉप्टरं गेली तेच आभार मानतायत त्याचं काय करायचं? माझं मत: कायद्यात बसत नव्हतं, पण झालं ते बरं झालं. हाणा आता.

लाल_तिखट
नाना, साडेचार वर्षं एका वाक्यात उरकलीत आणि गोळीबार मात्र रंगवून सांगितलात, कमाल आहे. त्या साडेचार वर्षांत काय झालं तेही लिहा की. माध्यमिक शिक्षण फुकट केलं, गावोगाव प्रौढ साक्षरतेचे वर्ग काढले, बायकांना बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा केला. सगळ्यात मोठं म्हणजे विमानतळ. जुनं पर्ल्स विमानतळ म्हणजे डोंगर आणि समुद्राच्या मधे चिमुकली धावपट्टी, रात्री विमान उतरायची सोय नाही, त्यामुळे युरोपातून येणारा टुरिस्ट बार्बाडोसला उतरून छोटं विमान पकडणार, चुकलं तर तिथेच मुक्काम. असल्या ठिकाणी कोण येईल सुट्टी घालवायला? म्हणून पॉइंट सलाइन्सला ९००० फुटांची धावपट्टी बांधायला घेतली. क्यूबाने माणसं दिली, मशिनरी दिली, इंग्लंडच्या प्लेसी कंपनीने उपकरणं. रेगनने मार्च १९८३ मध्ये टीव्हीवर त्याचे हवाई फोटो दाखवले, का तर म्हणे रशियाचा लष्करी तळ. अहो बार्बाडोसची धावपट्टी त्याहून लांब आहे, ती कुणाचा तळ?

आणि त्याच महिन्यात रेगन असंही म्हणाला होता की प्रश्न जायफळाचा नाही, अमेरिकेच्या सुरक्षेचा आहे. लाखभर लोकांचा देश, अमेरिकेच्या सुरक्षेला धोका. हसावं का रडावं.

खवचट_नाना
@लाल_तिखट, विमानतळाचं मान्य, शंभर टक्के मान्य. पण तुम्हीपण गाळलंतच. बिशपने लवकर निवडणूक घेतो म्हणून शब्द दिला होता, साडेचार वर्षांत एकही घेतली नाही. टॉर्चलाइट नावाचा पेपर होता, पहिल्याच वर्षी बंद केला. राज्यघटना सस्पेंड, शेकडो लोक बिनाखटला आत. बिशप स्वतः वकील, राजकीय केसेस लढवून मोठा झालेला माणूस, आणि त्याच्याच राज्यात खटला न चालवता तुरुंग? बापाला गेरीच्या पोलिसांनी १९७४ ला गोळी घातली म्हणून त्याच्याबद्दल मला सहानुभूतीच आहे, पण दुसऱ्याची मुंगूस गँग वाईट आणि आपले तुरुंग क्रांतीसाठी, असं कसं चालेल. आणि रशिया, क्यूबा, उत्तर कोरिया यांच्याशी शस्त्रांचे गुप्त करार केले होते, ते कागद नंतर सापडले, ते काय साक्षरतेसाठी?

पणजीकर
नानांशी सहमत. आमचंच उदाहरण घ्या की. १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात घुसलं तेव्हा अमेरिका-इंग्लंड काय बोंबलत होते? आक्रमण, आंतरराष्ट्रीय कायदा, युनो, सगळं झालं. सुरक्षा समितीत ठराव आणला तो रशियाने व्हेटो केला म्हणून वाचलो. माझ्या आजोबांना आज कुणी सांगितलं असतं की तुमची मुक्ती बेकायदा होती तर त्यांनी काठी काढली असती. लोकांना काय वाटलं ते महत्त्वाचं, न्यूयॉर्कातल्या ठरावात काय लिहिलंय ते नाही.

वकिली_चष्मा
पणजीकर, आजोबांना नमस्कार, पण तुलना जमत नाही. गोवा ही पोर्तुगालची वसाहत होती, साडेचारशे वर्षांची, आणि तिथला हुकूमशहा सालाझार बोलणीच करायला तयार नव्हता. ग्रेनाडा युनोचा सदस्य देश, स्वतंत्र, सार्वभौम. वसाहत मोडणं आणि सार्वभौम देशात शिरून सरकार बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाकी गंमत म्हणजे १९८३ ला पण सुरक्षा समितीत ठराव आला, यावेळी व्हेटो अमेरिकेचा. मग आमसभेत १०८ विरुद्ध ९ मतांनी निषेध झाला.

कागदोपत्री राज्याची प्रमुख कोण, तर इंग्लंडची राणी. तिथल्या पंतप्रधान थॅचरबाई म्हणजे रेगनच्या एकदम खास, त्यांनी नको म्हणून सांगितलं, तरी घुसले. मग आधार काय दाखवला? एक म्हणजे पूर्व कॅरिबियन देशांच्या संघटनेची विनंती, डॉमिनिकाच्या पंतप्रधान युजिनिया चार्ल्स रेगनशेजारी उभ्या राहून पत्रकारांसमोर बोलल्या. दुसरं म्हणजे राणीचे ग्रेनाडातले प्रतिनिधी, गव्हर्नर जनरल पॉल स्कून यांचं बोलावण्याचं पत्र. ते म्हणायचे तोंडी विनंती आधीच केली होती, पण पत्रावर सही झाली ती सैन्य उतरल्यावर. आमच्याकडे याला मागच्या तारखेचा कागद म्हणतात, आणि असा कागद घेऊन कोर्टात गेलं की जज चष्म्यावरून बघतो.

कोर्ड आणि बिशपला मारून सत्तेत बसलेलं लष्करी मंडळ खुनी होतं, त्यात वाद नाही. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. सहा वर्षांनी अमेरिका पनामात घुसलीच.

(गोव्याचा एक खरा धागा मात्र आहे. त्याच नोव्हेंबरात दिल्लीला राष्ट्रकुल परिषद होती, यजमान इंदिरा गांधी, आणि मधले दोन दिवस सगळे नेते निवांत बोलायला गोव्यात, आग्वादला. सैन्य पाठवणारे जमैका-बार्बाडोस आणि विरोध करणारे गयाना-त्रिनिदाद एकाच किनाऱ्यावर. तिथलं जेवणाचं टेबल बघायला आवडलं असतं.)

काडेपेटी
मी फक्त चहा घेऊन बसलोय. एकच माहिती, २००७ ला ग्रेनाडाचं स्टेडियम चीनने बांधून दिलं आणि उद्घाटनाला पोलीस बँडने चिनी राजदूतासमोर तैवानचं राष्ट्रगीत वाजवलं. चालू द्या.

लाल_तिखट
"लोकांना काय वाटलं" हे एवढं सोपं असतं का हो? बिशपला मारल्यावर चार दिवस चोवीस तास कर्फ्यू, दिसेल त्याला गोळी, लाडका नेता मेलेला, प्रेत पण घरच्यांना दिलं नाही (आजतागायत सापडलेलं नाही). अशा माणसाला त्या दिवशी कुणीही सोडवायला आलं असतं तर त्याने हातच जोडले असते. त्यावरून अमेरिकेचा हेतू शुद्ध ठरत नाही.

आणि ग्रेनाडात मेडिकल शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना वाचवायला आलो म्हणाले ना? सैन्य ट्रू ब्लू कॅम्पसला पोचलं तर पोरं म्हणतात आमच्यातले बरेच जण दुसऱ्या कॅम्पसला आहेत, ग्रँड आन्सला. यांना दुसरा कॅम्पस आहे हेच ठाऊक नव्हतं! नकाशे म्हणून टुरिस्ट मॅप. वेड्यांच्या हॉस्पिटलवर बॉम्ब पडला, किमान १८ पेशंट मेले. त्यांच्या नावाची कुठे सुट्टी?

बोटीवरचा_बाब्या
सहसा फक्त वाचतो पण इथे लिहितोच. मी सिंधुदुर्गातला, क्रूझ शिपवर किचनला होतो, सेंट जॉर्जेसला आमचं जहाज लागायचं. बंदर म्हणजे घोड्याच्या नालासारखं, वर चढावर लाल कौलांची घरं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मालवणची आठवण आली. चार तासांची सुट्टी होती तर टॅक्सी करून किल्ल्यावर गेलो. वरच्या आवारात भिंतीवर पाटी आहे, त्या दिवशी मेलेल्यांची नावं. बाकी काही नाही, पाटी आणि ऊन.

टॅक्सीवाला साठीच्या आसपासचा. म्हणाला १९ तारखेला मी पण मोर्चात होतो, शाळेचा युनिफॉर्म घालून, आमची अख्खी शाळाच रस्त्यावर आली होती. गोळ्या सुटल्यावर पोरं किल्ल्याच्या भिंतीवरून खाली उड्या मारत होती, हा पळाला तर एक बूट तिथेच राहिला. मग चार दिवस घरात. बाहेर पडायचं नाही म्हणून परसातला नीरफणस उकडून खाल्ला, सकाळ संध्याकाळ तेच (तिकडे नीरफणस नारळाच्या दुधात शिजवतात, आमच्या आईला सांगितलं तर म्हणाली मग आपल्यासारखेच की). पाचव्या-सहाव्या दिवशी पहाटे विमानांचे आवाज. त्याची आई घाबरून गुडघ्यावर बसली, बाप म्हणाला कोण का असेना, यांच्यापेक्षा बरेच असतील.

एक लक्षात आलं, तो बोलताना एकदाही इन्व्हेजन म्हणाला नाही, इंटरव्हेन्शन म्हणायचा. आणि क्रांतीला "द रेव्हो", ते पण जिव्हाळ्याने, शाळेतल्या जुन्या मित्राचं नाव घ्यावं तसं.

खवचट_नाना
बाब्या, हे आधी लिहायचंस ना रे, आम्ही उगाच एवढं टायपिंग केलं.

लाल_तिखट, हॉस्पिटलचं मी वाचलं होतं आणि पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही, चूक मान्य. पण माझं "बरं झालं" मी मागे घेत नाही. सव्वा वर्षाच्या आत, डिसेंबर १९८४ ला निवडणूक झाली आणि त्यानंतर सरकारं मतपेटीतूनच बदलतायत. ते त्या लष्करी मंडळाने केलं असतं का? तुम्हीच सांगा.

आणि २००९ मध्ये त्याच पॉइंट सलाइन्सला मॉरिस बिशप आंतरराष्ट्रीय विमानतळ असं नाव दिलं. ज्याला रशियाचा तळ म्हणाले तो अमेरिकेनेच पैसे घालून पुरा केला, आणि आता अमेरिकन टुरिस्ट बिशपच्या नावाच्या विमानतळावर उतरून बीचवर जातात. २०२३ पासून १९ ऑक्टोबरला पण सुट्टी, राष्ट्रीय वीरांचा दिवस म्हणून. म्हणजे १९ ला बिशपसाठी आणि २५ ला ज्यांनी त्याचं उरलंसुरलं रेव्हो गुंडाळलं त्यांच्यासाठी.

वकिली_चष्मा
बरोबर, पण मग तुमचा पहिलाच युक्तिवाद लंगडा पडतो ना. सुट्टी आहे म्हणजे लोकांचा कौल असं तुम्ही म्हणालात, आता सुट्ट्या दोन आहेत. कौल कुठला धरायचा?

पणजीकर
दोन्ही. सुट्टीला नाही कोण म्हणतो. आमच्या गोव्यात तर कुणीच म्हणत नाही.

लाल_तिखट
@बाब्या, त्या टॅक्सीवाल्याला सरळ विचारायचंस ना की शेवटी तू कुणाच्या बाजूचा.

बोटीवरचा_बाब्या
विचारलं होतं. म्हणाला जहाजावरून उतरणारा प्रत्येक जण हेच विचारतो. आणि मग बराच वेळ २००४ च्या आयव्हन वादळाबद्दल बोलत बसला. घरची जायफळाची झाडं होती, सगळी आडवी झाली, नवीन लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षं, तेवढं थांबायला पैसे नव्हते म्हणून टॅक्सी घेतली. ८३ बद्दल बोलताना शांत होता, झाडांबद्दल बोलताना मात्र गाडी बाजूला घेतली.

जायफळाच्या दोन पिशव्या खपवल्या मला. महाग लावल्या असं नंतर कळलं. आईला वर्षभर पुरल्या.