लेप वितळत नाही, विरघळतो

झिर्कोनिया (झिर्कोनियमचे ऑक्साइड) सुमारे २७०० अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून गॅस टर्बाइनच्या पात्यांना उष्णतेपासून वाचवणाऱ्या त्याच्या लेपाला धुळीचा धोका नाही, हे मत मला पटत नाही. नागपुरात मे महिन्यात खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवल्यावर लागते तशी बारीक धूळ, म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचे सिलिकेट, सुमारे १२०० अंशांपुढे वितळते आणि केशाकर्षणाने लेपाच्या फटींत शिरते. तिथे ती झिर्कोनियातील इट्रिया, म्हणजे त्याचे स्फटिकरूप स्थिर ठेवण्यासाठी मिसळलेले इट्रियमचे ऑक्साइड, ओढून घेते. उरलेला झिर्कोनिया थंड होताना स्फटिकरूप बदलून फुगतो, आणि फटींत गोठलेल्या काचेमुळे लेपाची लवचीकता जाऊन त्याचे पापुद्रे सुटतात. गॅडोलिनियम झिर्कोनेट हा लेपाचा दुसरा पदार्थ मात्र या वितळलेल्या धुळीशी झटपट अभिक्रिया करून ॲपेटाइट या सिलिकेट खनिजाच्या स्फटिकांनी तिची वाटच बुजवतो, आणि माझ्या मते चर्चा खरे तर याच मुद्द्यावर व्हायला हवी.