तनोटला निघण्याआधी स्टेपनी उतरवून बघा

बी-४०२: नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत आमच्या दोन गाड्या जैसलमेरला निघतायत. तिथून रामगढमार्गे सीमेजवळचं तनोटचं देऊळ, येताना लोंगेवालाचं युद्धस्मारक. कोणी स्वतःच्या गाडीने गेलंय का? वाळवंटात गाडी बंद पडली तर काय, या विचाराने हिची झोप उडालीय.

ए-१०३: वहिनींचं बरोबर आहे. आम्ही गेलो होतो. रस्ता झकास आहे, म्हणूनच माणूस गाफील राहतो. जैसलमेर ते तनोट साधारण १२० किमी, निम्म्यावर रामगढ. तिथे टाकी फुल करा, हवा बघा. पुढे गॅरेजची आशा नको. रेंजही मधेमधे गुल.

सी-२०१: काका, इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स असतो की!

ए-१०३: असतो रे बाबा. पण बोलवायला फोन लागायला हवा ना. आमचं मागचं चाक रामगढच्या पुढे बसलं. बाभळीचा काटा. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. नट हलेना! निघण्यापूर्वी टायरवाल्याने मशीनने आवळले होते, आणि गाडीतला पाना वीतभर. पान्यावर उभा राहिलो तरी ढिम्म. शेवटी एका ट्रकवाल्याने पान्याला लोखंडी पाइप लावून सोडवले. तोवर दीड तास गेला.

डी-५०४: म्हणून लांब दांड्याचा पाना घ्या. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक. आणि वाळूवर जॅक रुततो. खाली फळी हवी. जुना पाटही चालेल.

ए-३०१: पाट देणार नाही. 😡

डी-५०४: 😄 लॉकवाले नट असतील तर त्याची चावी गाडीतच आहे ना, बघा. टायर ट्यूबलेस आहेत तर पंक्चर किट आणि हवा भरायचा छोटा पंप घ्याच. वाळूत चाक रुतलं तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, आणखी खोल जातं. चाकापुढची वाळू काढा, हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, पायपुसणी चाकाखाली सारा. डांबरावर आलात की लगेच हवा भरायची, त्यासाठीच पंप.

बी-४०२: दुसरी गाडी ऑटोमॅटिक आहे. बॅटरी गेली तर ढकलून चालू होईल का?

डी-५०४: नाही. जम्पर केबल ठेवा, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून चालू करायला. दोन गाड्या आहेत, तुम्हाला सोपं. दुसऱ्या गाडीने ओढायचा दोरही ठेवा. इंजिन तापलं तर रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, हात भाजतो.

सी-२०१: माझा आतेभाऊ अमेरिकेहून सॅटेलाइटवाला मेसेंजर आणतोय, तो देऊ का? रेंज नसली तरी चालतो.

ए-१०३: अजिबात नको! आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं बेकायदा आहे. त्यात सीमेजवळ जाताय. तनोटचं देऊळ बीएसएफ सांभाळतं, तिथेच चौकशीला बसाल.

ई-२०२: पाण्याचं कोणीच बोललं नाही. माणशी ५ लिटर वेगळं ठेवा, कूलंटसाठीचं त्यात धरू नका. ब्लँकेटही. दिवसा ऊन असलं तरी डिसेंबरात तिथली रात्र कडाक्याची असते, आणि बंद गाडीत हीटर नाही. चालत मदत शोधायला निघू नका, गाडीपाशीच थांबा. मॅप ऑफलाइन उतरवून घ्या. परतायची वेळ हॉटेलवाल्याला सांगून जा, आला नाहीत तर तो तरी शोधेल.

ए-१०३: आणि अंधाराआधी परता. रस्त्यात उंट बसलेले असतात.

डी-५०४: रविवारी १० वाजता पार्किंगमध्ये चाक बदलायची रंगीत तालीम. दोघी वहिनींनीही यायचं.

सेक्रेटरी: व्हिजिटर पार्किंगमध्ये ऑइल सांडू नये ही विनंती. 🙏

बी-४०२: आत्ताच खाली जाऊन बघितलं. स्टेपनीत हवा फक्त १२.

ए-१०३: आणि नट?

बी-४०२: पाना सापडला. नट हलत नाहीये.

ए-१०३: थांबा, पाइप घेऊन येतो.