मदत हवी आहे: फुलातली पिवळी पूड किडे खातायत, काय फवारू?

विश्रामबाग_गच्ची: सांगलीत गच्चीवर वेल लावलाय. रोज नऊ-दहाला बघते तर फुलात बारीक किडे आणि पिवळी पूड फस्त. फळ लिंबाएवढं होतं नि पिवळं पडून गळतं. तीन आठवडे हेच चाललंय. औषधाचं नाव सांगा, लवकर.

मिरजकर: ताई, वेल कसला? किडा उडतो की उड्या मारतो? रंग?

तासगावची_बाग: फुलकिडे. आमच्या द्राक्षाला फुलोऱ्यात हाच ताप. निळे चिकट सापळे लावा नि फिप्रोनील हे कीटकनाशक मारा.

कऱ्हाडकर_माळीण: फुलोऱ्यात फिप्रोनील? मधमाश्यांना ते जहाल विष आहे हो! द्राक्ष स्वतःच्या परागावर, म्हणजे फुलातल्या पिवळ्या पुडीवर धरतं, वेलभाज्यांचं तसं नाही, त्यांना माशी लागते.

तासगावची_बाग: वीस वर्षं बाग करतोय मी. संध्याकाळी मारलं तर चालतं.

कऱ्हाडकर_माळीण: नाही चालत. दुसऱ्या सकाळी माशी त्याच फुलावर बसते.

 

विश्रामबाग_गच्ची: लाल भोपळा आहे. किडे पिवळट-काळे, तिळापेक्षा बारीक, लांबट.

मिरजकर: मग फुलकिडेच. त्यांना कामाचा जबडा एकच, डावा. त्यानं परागकणाला भोक पाडतात आणि आतलं शोषून घेतात, नुसतं टरफल उरतं. पराग मिळाला की मादी अंडी जास्त घालते, म्हणून फुलात गर्दी. पण भोपळ्याच्या नर फुलात पराग इतका असतो की हे किडे तो संपवणार नाहीत. तुम्ही फूल कोणतं बघता? देठाशी छोटा भोपळा असलेलं?

विश्रामबाग_गच्ची: हो, तेच. फळ त्यालाच येतं ना?

मिरजकर: ते मादी फूल. त्यात पूड नसतेच! परागीकरण झालं नाही की फळ असंच गळतं. नऊ-दहापर्यंत फुलं मिटायला लागतात. उजाडताच ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मधला दांडा मादी फुलाच्या आतल्या गोंड्यावर हलकेच फिरवा.

कऱ्हाडकर_माळीण: आणि काहीही फवारू नका. नर फुलं उरली तर बेसनात बुडवून भजी करा, आमच्या सासूबाई करायच्या.

तासगावची_बाग: सापळे तरी लावा की.

विश्रामबाग_गच्ची: सोमवारी सकाळी सहा वाजता दोन मादी फुलांना पराग लावला. आज शनिवार. एक गळलं. दुसरं पेरूएवढं झालंय, अजून हिरवंगार आहे. सापळा एक आणलाय, फवारलं काही नाही. मिरजकर दादा, खूप आभार.