हातातल्या जीपीएसची तुलना: संदर्भबिंदूवाचून अचूकता ठरते का?

खडकवाट (धागाकर्ते):

गिर्यारोहणाची उपकरणे तपासणाऱ्या बहुतेक चित्रफितींत आणि लेखांत हातातल्या जीपीएसची तुलना एकाच रीतीने केलेली दिसते. दोन-तीन यंत्रे पाठपिशवीच्या पट्ट्याला अडकवायची, एखादी गडवाट चालून यायची, नोंदलेले ट्रॅक उपग्रहचित्रावर टाकायचे आणि ज्याची रेघ पायवाटेवर बसली ते यंत्र अचूक ठरवायचे. या रीतीने अचूकतेविषयी जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही, असे माझे मत आहे.

मुळात उपग्रहचित्र हा पुरावाच कच्चा आहे. ते बऱ्याचदा तिरक्या कोनातून घेतलेले असते आणि उंचसखलपणाच्या ज्या प्रतिमानावर ते बसवतात त्यातही चूक असते. त्यामुळे सह्याद्रीतल्या कड्यालगतची पायवाट चित्रात काही मीटर सरकलेली असू शकते. तपासायच्या यंत्राची चूकही तेवढीच असताना दोष कोणाच्या पदरी टाकायचा? शिवाय रेघ गुळगुळीत दिसते ती पुष्कळदा सॉफ्टवेअरच्या गाळणीमुळे. नागमोडी चढणीचे कोपरे छाटून टाकणारे यंत्र नकाशावर नीटनेटके दिसते आणि अंतर मात्र कमी दाखवते. पडद्यावरच्या ‘± 3 मीटर’ या आकड्याचा आधार घेणारे तर अधिकच फसतात, कारण तो यंत्राने स्वतःविषयी बांधलेला अंदाज असतो आणि शंभरांपैकी किती नोंदी त्या मर्यादेत येतील हे तिथे लिहिलेले नसते.

योग्य रीत माझ्या मते अशी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स जाळ्याशी (सतत चालू असणाऱ्या पक्क्या उपग्रह-नोंदणी केंद्रांशी) जोडलेल्या रोव्हरने, म्हणजे मोजणीच्या फिरत्या यंत्राने, काही सेंटिमीटरांपर्यंत ठरवलेला, उघड्या आभाळाखालचा बिंदू घ्यावा. त्यावर सगळी यंत्रे आळीपाळीने, अनेक तास आणि वेगवेगळ्या दिवशी ठेवावीत, आणि दोन आकडे जाहीर करावेत: निम्म्या नोंदी ज्या वर्तुळात येतात त्याची त्रिज्या, आणि शंभरांतल्या पंच्याण्णव नोंदी ज्यात येतात त्याची. चुका सर्व दिशांना सारख्या विखुरलेल्या असतील तर दुसरी त्रिज्या पहिलीच्या दुपटीहून किंचित मोठी येते, म्हणून एका उत्पादकाचा पहिला आकडा दुसऱ्याच्या दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवला तर एकसारखी यंत्रेही दुपटीने वेगळी भासतात. वेळही बदलत ठेवावी. जीपीएसच्या उपग्रहांची आकाशातली मांडणी रोज सुमारे चार मिनिटे आधी पुन्हा तशीच येते, त्यामुळे लागोपाठच्या दिवशी सकाळी नऊलाच मोजणारा माणूस जवळपास तीच परीक्षा पुन्हा घेत असतो.

घाटवाटा:

धागाकर्त्यांचे म्हणणे प्रयोगशाळेत शोभेल, परंतु आम्ही हे यंत्र प्रयोगशाळेसाठी विकत घेत नाही. उघड्या माळावर गेल्या दहा-बारा वर्षांतली बहुतेक यंत्रे सारखीच उत्तरे देतात. त्यांचा कस लागतो तो आभाळ अरुंद होते तिथे. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने चढताना दोन्ही अंगांना कातळभिंती असतात, डोक्यावर आभाळाची पट्टी उरते, आणि जे उपग्रह दिसत नाहीत त्यांचाही संकेत समोरच्या भिंतीवर आपटून यंत्रापर्यंत येतो. तो लांबच्या वाटेने आल्यामुळे यंत्राला अंतर जास्त वाटते आणि नोंद भलतीकडे, कधी चक्क कड्याबाहेर हवेत पडते. माळावरच्या खुंटीवर, म्हणजे तुमच्या त्या ठरवलेल्या बिंदूवर, पहिले आलेले यंत्र या नाळेतही पहिले येईल, याची हमी तुमचा तक्ता कशी देणार?

दुसरे असे की, स्थिर ठेवलेल्या यंत्राची परीक्षा त्याची खोटी स्तुती करू शकते. आपण हललेलो नाही असे ओळखून काही यंत्रांचे सॉफ्टवेअर स्थान गोठवून टाकते, मग नोंदींचा पसारा नाहीसा होतो आणि यंत्र फार स्थिर असल्याचा आभास होतो. चालत्या माणसाला त्या स्थैर्याचा उपयोग शून्य. चित्रफिती ढोबळ असतात हे मान्य, पण त्या निदान योग्य ठिकाणी ढोबळ आहेत.

खडकवाट:

यंत्र गोठते म्हणूनच ते ठराविक वेळाने बंद करून, थोडे फिरवून पुन्हा खुंटीवर ठेवावे लागते. हा आक्षेप पद्धतीत सामावून घेता येतो. नाळेविषयी मात्र माझा उलट प्रश्न आहे. तिथे खरे स्थान कोणते हेच ठाऊक नसताना यंत्र चुकले की बरोबर आले, हे आपण कशावरून म्हणता? दोन ट्रॅकमध्ये वीस मीटरांचे अंतर दिसले, तर एक चुकले, दुसरे चुकले की दोन्ही चुकली?

शेतबांध:

दोघेही डोंगरात अडकले आहेत, म्हणून जमिनीवरचे सांगतो. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा केलेल्या जमिनींच्या मोजणीत हातातली जीपीएस वापरली गेली आहेत, आणि तिथे प्रश्न गडवाट सापडण्याचा नसून कुटुंबाच्या नावे किती क्षेत्र लागणार याचा असतो. तिथे ‘स्थान किती मीटर चुकले’ हा आकडा थेट कामाचा नाही. सगळे कोपरे एकाच दिशेला चार मीटर सरकले तर क्षेत्रफळ तसेच राहते. क्षेत्र बिघडते ते कोपरे एकमेकांच्या तुलनेत सरकतात तेव्हा.

हिशेब मांडून पाहा. एक एकराचा चौरस तुकडा, बाजू सुमारे 63.6 मीटर. प्रत्येक कोपरा उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम दोन्ही दिशांना सरासरी 2 मीटरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे चुकतो असे धरले तर क्षेत्रफळात साधारण 180 चौरस मीटरांची, म्हणजे पावणेदोन गुंठ्यांची चूक अपेक्षित धरावी लागते. हे प्रमाण चार-साडेचार टक्के झाले. कोपऱ्यांची तीच 2 मीटरांची चूक एका गुंठ्याच्या घरजागेवर धरली तर क्षेत्रफळाची चूक अठ्ठावीस टक्क्यांवर जाते. म्हणून एकराला चालणारे यंत्र गुंठ्याला चालत नाही, आणि यंत्राचा ‘अचूकता’ नावाचा एकच आकडा या दोन्ही माणसांना सांगणे ही फसवणूक आहे. माझ्या मते तुलना करायची तर साखळीने किंवा टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या भूमापनाच्या यंत्राने) मोजलेला तुकडा घ्यावा, त्याभोवती चालावे आणि क्षेत्रफळे ताडून पाहावीत.

खडकवाट:

गणित बिनचूक आहे, निष्कर्ष पुरता पटत नाही. उपग्रहांच्या कक्षा, घड्याळे आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांतून येणाऱ्या चुका हळूहळू बदलतात, म्हणून पंधरा मिनिटांत बांधाभोवती चालून आलात तर चारही कोपऱ्यांना जवळपास सारखीच चूक मिळते आणि आपण म्हणता त्याहून निकाल चांगला येतो. पण दोन कोपरे सकाळी आणि दोन जेवणानंतर घेतले की ती सवलत संपते. शेजाऱ्याचा दावा दुसऱ्याच आठवड्यात मोजला तर? त्याचे क्षेत्र बरोबर, आपले क्षेत्र बरोबर, आणि तरीही सामाईक बांध नकाशावर एकमेकांत घुसलेला किंवा मध्ये मोकळी पट्टी सुटलेली. शेजाऱ्यांचे नकाशे जुळवायचे असतील तर खऱ्या स्थानापासूनची चूक मोजावीच लागते, आणि त्यासाठी खुंटी हवीच.

उभा_अँटेना:

मूळ वादात न पडता तीन गोष्टी नोंदवतो, कारण त्या न पाळता केलेली कोणतीही तुलना मी वाचतच नाही.

बाहेर काडी आलेल्या यंत्रांत, उदाहरणार्थ गार्मिनच्या जीपीएसमॅप मालिकेत, अँटेना पिळाच्या आकाराचा असतो आणि ते यंत्र उभे धरायचे असते; ईट्रेक्ससारख्या यंत्राचा अँटेना चपटा असतो आणि ते आडवे धरलेले बरे. दोन्ही यंत्रे फळीवर आडवी ठेवली की पहिल्यावर अन्याय झालाच. माणसाचे शरीर हे संकेत शोषून घेते, त्यामुळे एक यंत्र खांद्यावर आणि दुसरे कमरेच्या खिशात असेल तर आपण यंत्रांची नव्हे तर खिशांची तुलना करतो. आणि नोंदी पडद्यावरून वहीत उतरवत असाल तर आकडे किती दशांशांपर्यंत दिसतात ते आधी पाहा: अंश आणि मिनिटे तीन दशांशांत असतील तर उत्तर-दक्षिण दिशेला शेवटची पायरी 1.85 मीटरांची असते, सेकंद एका दशांशात असतील तर 3 मीटरांहून थोडी मोठी, आणि अंश पाच दशांशांत घेतले तर सव्वा मीटरापेक्षा कमी. दोन मीटरांचा फरक शोधायला निघालेला माणूस तीन मीटरांची पायरी निवडतो, असे मी बरेचदा पाहिले आहे.

गगनच्या, म्हणजे जीपीएसच्या चुका उपग्रहामार्फत कळवणाऱ्या भारतीय व्यवस्थेच्या, दुरुस्त्याही सगळ्या यंत्रांत एकतर चालू ठेवा किंवा सगळ्यांत बंद. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ही व्यवस्था असली तरी अनेक यंत्रांच्या मेनूत ‘वास’ किंवा ‘एग्नॉस’ अशी तशाच अमेरिकी आणि युरोपीय व्यवस्थांची नावे दिसतात आणि लोक ती आपल्या कामाची नाहीत असे समजून बंद करतात.

सहज_प्रवासी:

एवढा खटाटोप कशासाठी? अमेरिकी सरकारच्या जीपीएस संकेतस्थळावरच दिले आहे की उघड्या आभाळाखाली फोनची अचूकता साधारण 4.9 मीटर त्रिज्येची असते. 2018 पासून दोन वारंवारतांचे, म्हणजे उपग्रहांचे दोन वेगळे संकेत ऐकणारे, फोनही मिळतात. वेगळे यंत्र ही आता हौस राहिली आहे.

घाटवाटा:

त्याच वाक्यात उघड्या आभाळाची अट आहे आणि इमारती, पूल, झाडे यांच्याजवळ अचूकता ढासळते असेही तिथेच म्हटले आहे. शिवाय फोन तुम्हाला जे स्थान दाखवतो त्यात वाय-फाय आणि मोबाइल मनोऱ्यांची माहिती मिसळलेली असू शकते, आणि रस्तादर्शक ॲप तर बाण ओढून रस्त्यावर बसवते. तो बाण अचूक दिसला म्हणून फोन अचूक ठरत नाही. 2016 च्या अँड्रॉइड 7 पासून उपग्रहांची कच्ची मोजमापे ॲपला मिळू शकतात. फोनला स्पर्धेत उतरवायचे असेल तर निदान केवळ उपग्रहांवरून काढलेल्या स्थानाची नोंद करणारे ॲप वापरा. बॅटरी, पाऊस आणि ओल्या बोटांनी न चालणारा पडदा हे विषय इथे काढत नाही, ते अचूकतेचे नाहीत.

दोन वारंवारतांचा मुद्दा मात्र माझ्या बाजूचा आहे. या दोन वारंवारतांपैकी जुन्या एल-1 वरच्या संकेतातला एक सांकेतिक तुकडा सुमारे 293 मीटर लांबीचा, तर नव्या एल-5 चा 29 मीटरांचा. त्यामुळे भिंतीवरून परतलेला संकेत वेगळा काढणे एल-5 वर बरेच सोपे जाते. हा गुण उघड्या माळावरच्या खुंटीवर ठळक दिसणारच नाही, कारण तिथे परतवणारी भिंतच नाही. म्हणजे तुमची परीक्षा नव्या यंत्राच्या मुख्य गुणाकडेच पाठ फिरवते.

खडकवाट:

पाठ फिरवत नाही, कारण दोन वारंवारतांचा दुसरा उपयोग आयनांबराची चूक काढण्यासाठी होतो आणि आपल्या देशात तो लहान नाही. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना आयनांबर दाट होते, त्यातला उत्तरेकडचा पट्टा भारतावरून जातो. एकाच वारंवारतेच्या यंत्रात वापरले जाणारे नेहमीचे प्रतिमान ही चूक साधारण निम्मीच दूर करते. सूर्यास्तानंतरच्या काही तासांत, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, संकेत लुकलुकतात आणि यंत्र उपग्रह गमावते. युरोप-अमेरिकेतल्या परीक्षणांत हा भाग उमटत नाही, म्हणून तिथले निकाल उचलून इथे लावू नयेत. माळावरच्या खुंटीवर संध्याकाळी सात ते दहा यंत्रे ठेवा, एक आणि दोन वारंवारतांतला फरक तिथेही दिसेल.

निवृत्त_भूकरमापक:

जुन्या टोपोशीटवरून (सर्वेक्षण विभागाच्या भूनकाशांवरून) संदर्भबिंदू वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. पृथ्वीचा आकार म्हणून त्या नकाशांनी धरलेला आधार एव्हरेस्ट नावाचा लंबगोल आहे, जीपीएसचा डब्ल्यूजीएस-84. महाराष्ट्रात या दोहोंत एकाच ठिकाणाचे अक्षांश-रेखांश शंभर मीटरांहून अधिक अंतराने वेगळे येतात. यंत्र सारखे एकाच दिशेला एवढे चुकते आहे असे दिसले तर यंत्र बदलण्याआधी त्यातली आधारपद्धती (मेनूतला ‘डेटम’) बदलून पाहावी. उंचीचेही तसेच: भारतात जीपीएसच्या लंबगोलावरची उंची समुद्रसपाटीपासूनच्या उंचीहून कित्येक मीटरांनी कमी येते, महाराष्ट्रात हा फरक साठ मीटरांच्या घरात जातो. यंत्र ती दुरुस्ती आतल्या आत करते, काही ॲप करत नाहीत.

नाळेतल्या संदर्भबिंदूविषयी वाद झाला तो सोडवता येण्याजोगा आहे. माथ्यावर रोव्हरने दोन बिंदू ठरवावेत आणि तिथून टोटल स्टेशनने एकेक टप्पा करीत नाळेत चार-पाच खुणा उतरवाव्यात. कष्टाचे काम आहे, अशक्य नाही.

घाटवाटा:

हे झाले तर माझा अर्धा आक्षेप मागे घेतो. उरलेला अर्धा असा की, तक्त्यात त्या दोन त्रिज्यांखेरीज आणखी दोन रकाने हवेत: किती वेळ यंत्राला स्थानच मिळाले नाही, आणि सर्वांत मोठी चूक किती होती. धुक्यात खिंड शोधणाऱ्याला पंच्याण्णव टक्क्यांचे वर्तुळ पुरत नाही. उरलेल्या पाचांतली एक नोंद साठ मीटरांवर, दरीच्या बाजूला असेल तर त्याच्या दृष्टीने यंत्र नापास आहे. आणि धागाकर्ते काहीही म्हणोत, या रकान्यांवरून माझी क्रमवारी त्यांच्यापेक्षा वेगळी लागेल.

शेतबांध:

माझ्यापुरते, सामाईक बांधाचा मुद्दा मी घेतो. गार्मिनची स्थान-सरासरीची सोय वापरताना उत्पादकच चार ते आठ नमुने घ्यावेत आणि दोन नमुन्यांत निदान नव्वद मिनिटे जाऊ द्यावीत असे सुचवतो. पाच मिनिटे एकाच जागी उभे राहून काढलेली सरासरी त्याच चुकीची सरासरी असते. वनहक्क समितीने प्रत्येक बांधाला असा वेळ द्यावा ही अपेक्षा अवास्तव आहे. पण गावात एक पक्की खुंटी असावी, दर मोजणीच्या सुरुवातीला आणि शेवटी यंत्र तिच्यावर ठेवावे आणि दोन्ही नोंदी दाव्याच्या कागदाला जोडाव्यात, एवढे होण्याजोगे आहे. यंत्र कोणत्या कंपनीचे, हा प्रश्न त्यानंतर येतो.